फडकी बिघडवली कोणी?

मागच्या आठवड्यात आमच्या घरात फडक्यांवरून भांडण झालं. भांडण म्हणजे काय, मी बोलत होते आणि समोरची ऐकून घेत होती. त्याला भांडण म्हणायचं असेल तर म्हणा.

फडकी म्हणजे आपली नेहमीची नव्हेत, मायक्रोफायबरची. गेल्या दिवाळीच्या साफसफाईआधी मुलाने बारांचा गठ्ठा आणला होता. तीन निळी, तीन पिवळी, तीन हिरवी, तीन गुलाबी. मी आधी नाकच मुरडलं. फडकी काय विकत आणायची वस्तू आहे? आमच्या घरी फडकं कधी 'आणलं' गेलं नाही, ते 'झालं'. आईचं नऊवारी विरलं की त्याचा धडका भाग गोधडीला, उरलेला पुसायला. पुसण्याचं फडकं विटलं की त्याचं पायपुसणं, आणि पायपुसण्याचं शेवटी पोतेरं. ह्यांचे धोतराचे पंचे (माझ्या सासऱ्यांचे खरं तर, हे पॅंटवालेच) कितीतरी वर्षं आमच्या स्वयंपाकघरात ताक गाळायला आणि भांडी पुसायला होते.

पण त्या विकतच्या फडक्यांनी मला पहिल्याच दिवशी गप्प केलं. बेसिनवरचा आरसा नुसत्या ओल्या निळ्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने, आणि एक डाग नाही. वर्तमानपत्राचा बोळा नाही, पावडर नाही. नळांवरचे पाण्याचे ठिपके गेले. टीव्हीच्या पडद्यावरची धूळ कोरडं फडकं फिरवल्याबरोबर अशी चिकटून आली, की सुती कापडाने ती इतकी वर्षं मी फक्त इकडची तिकडे करत होते हे कळलं. मी शेजारी दोघीतिघींना बोलावून प्रात्यक्षिक दाखवलं. जुनी खोड, जाणार कशी!

सहाएक महिन्यांनी मात्र फडक्यांचा गुण गेला. टेबलावर पाणी सांडलं तर फडकं ते टिपेना, नुसतं पुढे ढकलायचं. आरशावर तेलकट ढग उठायचा. हात लावला तर पूर्वी कातडीला जरा अडकल्यासारखं व्हायचं ते होईना, गुळगुळीत लागायचं. आणि मी मावशींना धारेवर धरलं.

मावशी म्हणजे आमच्याकडे धुण्याभांड्याला येते ती. मी तिच्या आईच्या वयाची, पण नातीमुळे घरात सगळेच तिला मावशी म्हणतात. चौदा वर्षं येते आहे. मी म्हटलं, "अगं, चांगली वस्तू जपून वापरायची असते. ब्रशने खरवडलीस ना? की ब्लीचच्या पाण्यात टाकलीस?" ती म्हणाली, "काकू, मी न्हेमीसारखीच धुतली." मी म्हटलं, "तेच तर! नेहमीसारखी धुवायची नसतात ती." मग ती काही बोलली नाही. पुढची भांडी घासायला लागली.

'मग कशी धुवायची असतात?' असं तिने विचारलं असतं तर मला उत्तर येत नव्हतं. हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी भाचीला फोन केला. भाचीचे यजमान, आमचे जावईबापू, दर रविवारी दोन बादल्या घेऊन गाडी धुतात. एक साबणाच्या पाण्याची, दुसरी फडक्यातली माती खळबळायची. आमच्या घरात ह्या छंदाची बरीच थट्टा होते. पण मायक्रोफायबरबद्दल सगळ्यात जास्त माहिती ह्या गाडीवेड्या लोकांनाच असते, कारण फडक्यात एक वाळूचा कण राहिला तरी रंगावर ओरखडा उठतो. खाली पडलेलं फडकं ते धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावत नाहीत. जावईबापूंनी मला तीन प्रश्न विचारले. कपडे मऊ करणारं ते सुवासिक द्रव्य मशीनमध्ये घालता का? फडकी टर्किश टॉवेलांबरोबर टाकता का? पाणी कढत असतं का?

तिन्ही प्रश्नांना उत्तर 'हो'. आणि तिन्ही करणारी मी! रोजचं खळबळणं मावशी करते, पण आठवड्याचं मशीन मी लावते. ते निळं सुवासिक द्रव्य त्या कप्प्यात मीच ओतते, आणि जरा सढळ हाताने ओतते, कारण टॉवेल मऊ लागले की मला बरं वाटतं. गरम पाण्याचं बटणही मीच दाबते.

आता ह्यात चुकतं काय, ते मला समजलं तसं सांगते. धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. नऊ हजार मीटर लांब धाग्याचं वजन एक ग्रॅम भरलं तर तो एक डेनियरचा. रेशमाचा एकेरी तंतू ह्याच्या आसपास असतो. त्याहूनही बारीक तो मायक्रोफायबर. जपानमध्ये तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो ह्यांनी १९७० साली अशा अतिसूक्ष्म तंतूंपासून खोटं मऊ कातडं तयार केलं, तेव्हा ह्या तंतूंचा पहिल्यांदा बोलबाला झाला. पुसायची कापडं मागून आली. चांगल्या फडक्यात पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या जातीचं पॉलिअमाइड ह्यांचा एकत्र तंतू काढतात, साधारण ऐंशीला वीस किंवा सत्तरला तीस अशा प्रमाणात, आणि मग तो उभा फोडतात. मोसंबी आडवी कापल्यावर फोडी दिसतात ना, तसा तो तंतू आतून दिसतो. फोडी सुट्या झाल्या की त्यांना कडा येतात आणि मधे असंख्य फटी पडतात. कडा धूळ नि तेल खरवडून घेतात, फटी पाणी ओढून धरतात. सगळी जादू ह्या फटींची.

मऊ करणारं द्रव्य काय करतं? धाग्यांवर एक बुळबुळीत थर चढवतं. कापूस त्याने मऊ लागतो, पण इथे फटीच बुजतात. बुजलेलं फडकं पाणी ढकलणार नाही तर काय करणार? टर्किश टॉवेलचा कापूस सुटतो, तो ह्या कडांना पकडून बसतो आणि मग आरशावर उतरतो. कढत पाण्याने आणि इस्त्रीने ते बारीक तंतू वाकडेतिकडे होतात, कडक पडतात. ब्लीच त्यांना खातं. आणि आमच्याकडे आणखी एक भर होती. उन्हाळ्यात सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं, ते जड. जड पाण्यात साबणाची जी पांढरी साय धरते, तीही त्याच फटींत. मावशी सिंकवर ज्या वडीने फडकी चोळायची, त्या वडीचा गाळही तिथेच. पण ती वडी आणून ठेवली कोणी? पुन्हा मीच.

मी चौतीस वर्षं शिकवलं. न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न काढला तर मुलं ओरडतात, "बाई, हे झालंच नाही!" आणि बाईंना तो प्रश्न रद्द करावा लागतो. मावशी तसं ओरडली नाही. ओरडायची सोयच नसते तिला.

म्हणून हे लिहायला बसले. आपल्या घरांत नवनव्या वस्तू येतात त्या आपण आणतो आणि हाताळायला दुसऱ्याला देतो. नॉनस्टिकचा तवा येतो, काचेच्या झाकणाची कढई येते, लाकडी दिसणारी पण लाकडी नसलेली जमीन येते. प्रत्येकीची धुण्यापुसण्याची रीत वेगळी. ती रीत कुठे लिहिलेली असते? खोक्यावर, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. खोकं आपण फेकून देतो. फडक्याला शिवलेली ती चकचकीत पट्टी तर मी स्वतः कात्रीने कापून टाकली होती, टोचते म्हणून. (ती कापलीच पाहिजे. पण आधी वाचावी तरी!) आणि मग वस्तू बिघडली की बोल कोणाला? ज्या हातांनी ती धुतली त्या हातांना. माझ्या ओळखीत अशी घरं आहेत जिथे फुटलेल्या बरणीचे पैसे पगारातून कापतात. आम्ही तसं कधी केलं नाही. पण मागे नातीचा लोकरीचा स्वेटर आटला, तेव्हा पैसे कापले नाहीत हे मी मावशीला निदान चार वेळा बोलून दाखवलं होतं. ते आता आठवलं की लाज वाटते. त्या स्वेटरची पट्टी तरी मी कुठे वाचली होती?

भाचीचं म्हणणं वेगळं पडलं. ती म्हणाली, "मावशींनी विचारायला काय हरकत होती? समजा नसेल माहीत, तर विचारावं माणसाने." वरवर बरोबर वाटतं. पण जरा आठवून बघा, कामवालीने 'हे कसं धुवू?' असं विचारलं तर आपण काय म्हणतो? "एवढंही येत नाही?" असंच ना? वर्गात सुद्धा पहिल्यांदा हात वर करणाऱ्या मुलाला बाई हसल्या, की पुढे वर्षभर कोणी हात वर करत नाही. ह्यांचं म्हणणं तिसरंच. "चिंध्यांवरून एवढा विचार! पाचशे रुपयांचा गठ्ठा, नवा आणू." प्रश्न पाचशे रुपयांचा असता तर मी हे लिहिलंच नसतं.

असो. तर मी मावशीला म्हटलं, "अगं, फडकी मी बिघडवली. उगाच तुला बोलले." ती हसली आणि म्हणाली, "जाऊ द्या काकू." हे 'जाऊ द्या' तिला इतक्या सहज येतं, की किती वेळा म्हणावं लागलं असेल कोण जाणे.

मग दोघींनी मिळून दुरुस्तीचा उद्योग केला. बाराही फडकी कोमट पाण्यात, पातळ डिटर्जंटचे थोडेच थेंब घालून, दोन तास भिजवली. पावडर मुद्दाम घेतली नाही, विरघळली नाही तर तिचे कण आत अडकतात. पाण्यावर काय तवंग आला म्हणता! वासही त्या निळ्या द्रव्याचाच. पाणी तीनदा बदललं. शेवटच्या खळबळण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर, पाण्यातल्या क्षारांचा थर निघावा म्हणून. (एक मात्र लक्षात ठेवा, व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. एक कप्पा, एक बादली, चुकूनसुद्धा नाही.) न पिळता झटकून सावलीत वाळत घातली. कडक उन्हाने हे धागे कालांतराने कमजोर होतात.

बारापैकी आठ सुधारली. पाण्याचा थेंब टेबलावर टाकून परीक्षा घेतली, मावशीनेच घेतली. पास झालेली एका बाजूला, नापास दुसऱ्या. नापास झालेल्यांत एका गुलाबी फडक्यावर रुपयाएवढी टणक, चकाकणारी खपली होती. ती काय म्हणून विचारलं तर ह्यांनी खाकरून कबुली दिली. गॅसवरची कढई त्याने उतरवली होती.

इथे मला जरा कडक आवाजात सांगायचं आहे. ही फडकी दिसायला फडकी असली तरी ते प्लॅस्टिक आहे. सुती फडकं गॅसवर धरलं तर जळतं, त्याची राख होते. हे वितळतं, आणि वितळलेलं कातडीला चिकटून बसतं. स्वयंपाकघरात ओट्यावर हाताशी पडलेलं फडकं माणूस न बघता उचलतो. म्हणून गॅसच्या आसपास आमच्याकडे आता फक्त सुती. जुन्या साडीचं, दुहेरी करून टीप मारलेलं. देवांसाठीही सुतीच, पण ते माझ्या हट्टापायी, त्याला शास्त्र वगैरे काही नाही.

आणि प्लॅस्टिक म्हटलं की दुसरी गोष्ट आलीच. नात म्हणाली, "आजी, ही धुताना त्यातून बारीक प्लॅस्टिक पाण्यात जातं, माहितीये ना?" मला माहीत नव्हतं. तिने वाचायला दिलं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन ह्यांनी २०१६ साली मोजून सांगितलं होतं, की सहा किलो ॲक्रिलिकचे कपडे एकदा मशीनमध्ये धुतले तर सात लाखांवर तंतू सुटू शकतात, आणि पॉलिएस्टरचे पाच लाखांच्या आसपास. ते कपड्यांचं मोजमाप, फडक्यांचं नव्हे. पण माल तोच. गटारातून हे जातं कुठे? सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात बरंचसं गाळात अडकतं म्हणे, बाकीचं नदीत. आणि जिथे सांडपाणी शुद्ध न होताच नदीला मिळतं, तिथलं तर विचारूच नका.

मग काय, सगळी टाकून द्यायची? नात तसंच म्हणते. मी तिच्याशी अर्धी सहमत आहे. टाकली तरी ती कुठेतरी जाणारच, कचऱ्यात जाऊन कुजणार तर नाहीत. आहेत ती शेवटपर्यंत वापरायची, नवा गठ्ठा आणायचा नाही, आणि धुवायची कमी. धुवायची कमी म्हणजे घाण वापरायची असं नाही. धुळीसाठी कोरडंच फडकं लागतं, ते गच्चीवर झटकलं की पुन्हा कामाला येतं. काच आणि आरसा ह्यांचं फडकं नुसत्या पाण्यात खळबळून चालतं. तेलकट ओटा, सांडलेलं दूध, फरशी, ह्यांना सुती चिंध्या आहेतच की घरात. बारा फडकी हवीत कशाला? चार पुरतात. आपण बाराचा गठ्ठा आणतो कारण तो स्वस्त मिळतो, एवढंच.

मावशीने आता आपली व्यवस्था लावली आहे. निळी काचेला, हिरवी धुळीला, पिवळं एक फ्रिज-मिक्सरला. राहिलेल्या दोन गुलाबींना तिने कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचा टाका घातला आहे, ती न्हाणीघराची. कोणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. ह्यांनी काल चुकून गुलाबी फडक्याने चष्मा पुसला तेव्हा तिने बाहेरून आवाज दिला, "काका, ते संडासचं हाय!" :)

मशीनमध्ये ही फडकी आता त्यांची ती, वेगळी, कोमट पाण्यात, आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी. मऊ करणाऱ्या द्रव्याची बाटली मी वरच्या फळीवर ठेवून दिली आहे. टॉवेल जरा खरखरीत लागतात. लागू देत.

आणि हो, पट्ट्यांवरच्या त्या चित्रांचा एक तास आम्ही घेतला. पाण्याचं घमेलं म्हणजे धुणं, आत आकडा असेल तर तेवढ्या अंशांपर्यंतचं पाणी. त्रिकोण म्हणजे ब्लीच. चौकोनात गोल म्हणजे वाळवायचं यंत्र. इस्त्री म्हणजे इस्त्रीच. फुली मारली असेल तर ते करायचं नाही. भाषेची अडचण नाही, अक्षराचीही नाही. मावशी आठवी शिकलेली आहे, मराठी वर्तमानपत्र घडाघडा वाचते, पण ह्या चित्रांना तिला माझ्याहून कमी वेळ लागला. फडक्यांच्या गठ्ठ्यावर ही चित्रं ठळक छापली आणि खाली दोन ओळी मराठीत घातल्या तर कंपनीला कितीसा खर्च येईल? गठ्ठा पुण्यात विकता ना? मग पुण्यात धुणाऱ्या बाईला वाचता येईल असं लिहा.

काल ती तिच्या मुलीचं नवं जर्किन घेऊन आली, पिशवीत घालून. घमेल्यावर फुली होती, त्रिकोणावर फुली होती, ते तिने मला म्हणून दाखवलं. मग बोट ठेवून म्हणाली, "आन् ह्ये काय काकू?" एक गोल, आणि त्यात इंग्रजी 'पी'. मला येत नव्हतं. मी तसं तिला सांगितलं, आणि जावईबापूंना फोन लावला.